फुकट पाण्याची टाकी

बोरदरा, ता. लोहा, जि. नांदेड
९ फेब्रुवारी २०२५

सौदामिनीवहिनींस शेषेरावचा नमस्कार.

पहिल्यांदा दत्तोपंतांचं सांगा. गुडघ्याला तेल लावून घेतात, का नुसतंच बाटलीकडं बघतात? तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं बालाजी म्हणाला. माझं अक्षर वाचता आलं नाही तर डोळ्याला दोष देऊ नका, तो अक्षराचाच आहे. तुमच्या मुकुलला पुण्याची हवा मानवली का? आणि खालच्या ज्या खोलीत आमच्या बालाजीनं अकरावी-बारावीची दोन वर्षं काढली, तिथं आता कोणाची पोरं आहेत? तुमच्या हातचं वरण त्यांनाही मिळत असेल, तर नशीबवान म्हणायची.

आमच्याकडं सिंधुची साखर वर-खाली होते, जीभ मात्र एकाच जागी गोड, ती म्हणजे माहेरच्यांसाठी. बालाजी दिवसभर ट्रॅक्टरवर असतो. नात ऋतुजा दुसरीत गेली, मलाच शुद्धलेखन शिकवते. माझे कान तेवढे गेले. फोनवर सगळं पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं ऐकू येतं, म्हणून आपलं जुनंच बरं, कागद आणि टपाल.

आता खबर अशी की, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी बोललो. पंतांना वाचून दाखवा, त्यांनी उभी हयात नगरपालिकेच्या वसुलीत काढली, त्यांना राग यायला पाहिजे.

पंचायतीला पाणीपट्टी वाढवायची होती. मी उठून विचारलं, माझ्या घरात माझी बोअर, माझ्या पैशानं पाडलेली, मी नळाचा एक थेंब पीत नाही, तर पट्टी का भरू? माझा बाप सांगायचा, निजामाच्या राज्यात सक्तीच्या लेव्हीची ज्वारी मोजून न्यायला माणसं अंगणात यायची. पोतं उचललं की आजी दाराआड जाऊन बसायची. ज्वारी गेल्याचं दुःख कमी, विचारलं नाही ह्याचं जास्त. मी म्हणालो, सप्त्याच्या वर्गणीला कुणी ना म्हणतं का? जो तो आपल्या हातानं आणून देतो. मग पाण्याला सक्ती कशाला? माणसाच्या खिशात हात घालून काढलं ते धर्माच्या कामाला लावलं, तरी हात घालणं ते हात घालणंच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठराव झाला की ज्याची इच्छा त्यानं पट्टी भरावी, जोर करू नये. सरपंचबाई हिरमुसल्या. मला घरी येईपर्यंत चार जणांनी चहा पाजला.

पंतांचं काय म्हणणं पडतं ते कळवा. शिव्या असतील तर त्याही लिहा, शेवटी शिव्यांनाही तिकीट तेवढंच.

आपला
शेषेराव

---

लातूर
२३ फेब्रुवारी २०२५

शेषेरावभाऊंस सप्रेम नमस्कार.

पत्र स्वतः वाचलं, भिंग न लावता. गुडघा आहे तिथेच आहे. ह्यांनी तेलाची बाटली खिडकीत ठेवली आहे, उन्हानं तेल आपोआप गुडघ्यात उतरेल अशी वाट पाहत असावेत. मुकुल बरा आहे, फोन कमी करतो म्हणजे बरा असणार. खालच्या खोलीत अहमदपूरकडची दोन मुलं आहेत, वरण खातात, ताटं मात्र बालाजीसारखी घासून ठेवत नाहीत. सिंधुवहिनींना सांगा, साखर सकाळी उपाशीपोटी मोजायची, चहा झाल्यावर नाही. ऋतुजाला माझा पापा.

तुमचं भाषण ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. मला वाटलं चिडतील. उलट म्हणाले, "लिही त्यांना, अर्धं खरं आहे. चाळीस वर्षं लोकांच्या दारात पावतीपुस्तक घेऊन उभा राहिलो. आनंदानं दार उघडलेलं आठवत नाही. आणि जप्तीच्या वेळी मीही माणसासारखा वागलो नाही, दोन घरं अजून डोळ्यासमोर येतात." उरलेलं अर्धं काय, ते सांगितलं नाही. झोपले.

मी शिकलेली नाही अर्थशास्त्र वगैरे. पण सप्त्याची वर्गणी आणि पाणी ह्यात मला फरक वाटतो. सप्ता वर्षातून एकदा, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तिथं पाचशे रुपये दिले की नाव भोंग्यावर पुकारतात. नळाला पाणी आलं म्हणून कोणाचं नाव कोण पुकारतं? मग हौसेनं कोण भरेल?

तुम्ही मनाचे मोठे आहात, तुम्हाला सगळी माणसं आपल्यासारखीच वाटतात. पट्टी कोणीच भरली नाही तर काय, ह्याचा विचार गावानं केला आहे का? कळवा.

सौदामिनी

---

बोरदरा
२ एप्रिल २०२५

सौदामिनीवहिनींस नमस्कार.

तुमची जीभ काळी म्हणावी का? राग मानू नका. तुम्ही म्हणालात तेच झालं.

दोनशे घरांत अकरा घरांनी पट्टी भरली. शाळेचे मास्तर, पोस्टमन, काही म्हातारी माणसं आणि आमची शेतशेजारीण गुरम्मा. ही देगलूरकडची, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, दोन एकर जमीन, मुलगी नर्सिंगला. तिनं जानेवारीतच जाऊन पावती फाडून घेतली होती. मार्चमध्ये नळयोजनेचं वीजबिल थकलं, मोटारीचं कनेक्शन तुटलं. पाणी सोडणाऱ्या हरिओमला पगार मिळेना, तो नांदेडला रिक्षा चालवायला गेला. गावाचे नळ कोरडे.

पण वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. मी काय केलं ते ऐका. माझ्या बोअरवरून पाइप काढला, गोठ्याच्या बाहेर सिमेंटची टाकी बांधली, चार तोट्या बसवल्या. सगळ्या गावाला फुकट. पट्टी नाही, पावती नाही, कोणाचा हुकूम नाही. माझ्या खुशीनं दिलं, त्यांनी खुशीनं घेतलं. सक्तीशिवाय गाव चालतं ते असं.

गाव मला मामा म्हणतं, म्हणून टाकीला मामाची टाकी म्हणतात. सकाळी सहापासून बायकांची रांग लागते. आणि कशी रांग, देवळात असावी तशी. नळावर कसल्या भांडायच्या, घागरीला घागर आपटायच्या, सरपंचबाईंच्या सात पिढ्या उद्धरायच्या. इथं आवाज नाही. मुकाट्यानं येतात, भरतात, जातात. कोणी न सांगता आमचा गोठा झाडून देतं, कोणी हरभऱ्याची जुडी ठेवून जातं. मी नको म्हणतो तरी ठेवतात. माणसाला मोकळं सोडलं की तो आपणहून चांगला वागतो, हे मी पंतांना सांगू इच्छितो.

गुरम्माही येते. लई भली बाई. बालाजीनं ट्रॅक्टर शेतात न्यायला वाट रुंद केली, त्यात आमच्या दोघांच्या शेतामधला धुरा, म्हणजे तुमच्याकडचा बांध, जरासा तिकडं सरकला. दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन रेघा, गेली असतील तिची. पूर्वीची गुरम्मा असती तर सगळं गाव गोळा केलं असतं. ह्यावेळी एक शब्द बोलली नाही. मी समजून घेतलं की बाईला परिस्थिती कळते.

सिंधु मात्र अलीकडं टाकीजवळ बसत नाही. विचारलं तर म्हणते, गुडघे दुखतात. तिचे गुडघे दुखलेले मी पहिल्यांदाच ऐकतोय. पंतांकडून लागण झाली म्हणा.

पंतांना विचारा, उरलेलं अर्धं काय ते.

आपला
शेषेराव

---

लातूर
१२ एप्रिल २०२५

शेषेरावभाऊ,

ह्या वेळी तब्येती नंतर. तुमचं पत्र वाचल्यापासून मला झोप नीट नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

तुम्ही लिहिता, बायका भांडत नाहीत. भाऊ, पाण्यावर बायका भांडत नाहीत तेव्हा मला भीती वाटते. भांडण आपल्या हक्काच्या जागी होतं. दुसऱ्याच्या अंगणात कोणी घागर आपटत नाही.

हे मला कसं माहीत, ते आजवर ह्यांनाही सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. आता तुम्हाला लिहिते.

सोळा साली लातूरला पाणी नव्हतं तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारच्यांची बोअर चालू होती. त्यांनी आम्हाला रोज दहा घागरी द्यायचं कबूल केलं. पैसे घेतले नाहीत, कधी बोलून दाखवलं नाही. माणूस खरंच सज्जन. त्यांच्याच मागच्या खोलीत जगदेवी नावाची बाई एकोणीस वर्षं भाड्यानं राहायची, शिवणकाम करायची. माझी सगळी पोलकी तिनं शिवलेली. त्यांना ती खोली हवी होती. मे महिन्यात एका दुपारी तिचं सामान बाहेर काढलं. शिलाई मशीन रस्त्यावर आडवं पडलेलं मी माझ्या खिडकीतून पाहिलं. तिनं वर पाहिलं. मी खिडकी लावून घेतली.

पुढं ती कोर्टात गेली. कोर्टाकडून माणूस विचारायला आला, ही बाई इथं किती वर्षं होती? मी म्हणाले, नक्की आठवत नाही.

भाऊ, मला कोणी धमकावलं नव्हतं. गप्प राहा असंही कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्यांनी तर माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दहा घागरी होत्या, बस्स.

ह्यांना सांगितल्यावर हे म्हणाले, हेच ते उरलेलं अर्धं. "पट्टीचा जाच पावती फाटली की संपतो. उपकाराची पावती कुठं मिळते?" असं म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. ते माझ्यावर रागावले की नाहीत, मला अजून कळलेलं नाही.

गुरम्मा गप्प का, ते तिला विचारा. आणि धुरा किती सरकला, ते बालाजीला न विचारता स्वतः जाऊन बघा.

चुकलं असेल तर मोठ्या मनानं घ्या.

सौदामिनी

---

बोरदरा
२१ मे २०२५

सौदामिनीवहिनींस शेषेरावचा साष्टांग नमस्कार.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहिणार नाही, तुमचा राग आला होता. चांगुलपणा केला आणि वरून जबानी मागितल्यासारखं झालं. पत्र घडी करून पंचांगात ठेवून दिलं. पण पंचांग रोज उघडावं लागतं.

आठ दिवसांनी काठी घेऊन शेतात गेलो. दोन तासं नाही वहिनी, पाच हात. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. हद्दीचा दगड उपटून आमच्याच विहिरीच्या कठड्याला लावलेला. तिच्या सावलीची बाभूळ होती, तीही तोडलेली. माझ्या बापाच्या अंगणातून ज्वारी नेली ते मी साठ वर्षं सांगत फिरलो, आणि माझ्या पोरानं विधवेच्या शेतातून पाच हात नेले ते मला टाकीवर बसून दिसलं नाही.

बालाजीला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "दादा, तिची काही तकरार हाय का? मग तुम्हाला का?" हे पोर तुमच्या खोलीत कायद्याचं पुस्तक वाचायचं म्हणे.

दुसऱ्या दिवशी पहाटे टाकीवर जाऊन उभा राहिलो. मी गेल्यावर रांग आणखीनच गप्प झाली. तेव्हा मला कळलं की सिंधुचे गुडघे का दुखतात. ती बसली की बायका बोलायच्या थांबायच्या, म्हणून ती बिचारी उठून गेली. मला बोलली नाही, कारण मी कुठं ऐकतो? कान तर दोन वर्षांपूर्वी गेले, ऐकणं त्याआधीच गेलं होतं.

गुरम्माला मी बाजूला बोलावलं. म्हणालो, धुरा सरकवला, बाभूळ तोडली, तू बोलली का न्हाईस? तिनं दोन्ही घागरी तोटीखाली नीट लावल्या, पदर खोचला. मग म्हणाली, "मामा, भांडायला घागर खाली ठेवावी लागते. माझ्या दोन्ही तुमच्या तोटीखाली हाईत."

एवढंच. रागानं नाही. मुलीला शिळी भाकर खा म्हणून सांगावं तसं.

मी म्हणालो, आजच दगड जागेवर लावतो, तुझी जमीन तुला देतो. तर ती घाबरली. खरंच घाबरली. म्हणाली, नको मामा, पाणी तुमचं, आता जमीनही तुम्ही दिलेली होईल. मी घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही. सिंधुनंही आग्रह केला नाही, हे विशेष.

एक मेच्या ग्रामसभेत उठलो. म्हणालो, जानेवारीत मी चुकलो, पट्टी सगळ्यांवर लावा, माझ्यावर पहिली, मी पाणी पीत असो वा नसो. लोक हसले. भुजंग म्हणून एक आहे, जानेवारीत मला सगळ्यात आधी चहा पाजणारा, तोच म्हणाला, "मामा, तुमची टाकी असताना आम्ही पट्टी कशाला भरावी? तुम्हाला देणं जड झालं का?" टाकी बंद करीन म्हणावं तर मे महिना, लेकराबाळांचं पाप. चालू ठेवावं तर सगळं गाव माझ्या तोटीखाली. कुंपण म्हणून उभं केलं आणि त्यानंच शेत खाल्लं.

वाट सिंधुनं काढली. टंचाईत तहसीलवाले खासगी बोअर ताब्यात घेतात, अधिग्रहण म्हणतात त्याला, आणि मालकाला दिवसाचं ठरलेलं भाडं देतात. पाणी पंचायतीच्या पाइपातून घराघरांत जातं. मी म्हणालो, ठीक, पण भाडं नको घ्यायला. तर ती माझ्याकडं बघून म्हणाली, "फुकट दिली की परत तुमचीच टाकी झाली. भाडं घ्या अन् शिव्या खा."

मी अर्ज लिहिला, माझी बोअर सरकारनं ताब्यात घ्यावी. ज्यानं लेव्हीच्या गोष्टी सांगितल्या, त्यानंच लिहिला. अर्ज मंजूर झाला, आता टाकीच्या तोट्या काढून टाकल्या आहेत. गावात म्हणतात, मामानं पाणी विकलं, दुष्काळात म्हाताऱ्याला पैशाची चटक लागली. देवळात गेलो तर कालपर्यंत जागा करून देणारे सरकत नाहीत. दानशूर म्हणवून घ्यायची मला इतकी हौस होती, हे ते नाव गेल्यावर कळलं वहिनी. दुखतं. खोटं का बोलू?

पंचायतीनं पुन्हा ठराव करून पट्टी लावली आहे. हरिओमला नांदेडहून बोलावलंय. मीही नळ घेतला, पहिली पावती माझी आहे. मनापासून सांगतो, पैसे मोजून देताना टोचलंच. बापाची आठवण झाली. ते टोचणं खोटं नाही, पंतांचं अर्धं खरं म्हणणं मला आता पटतं.

पण गुरम्माच्या जमिनीचं काय, ते मला कळत नाही. द्यावं तर उपकार, न द्यावं तर चोरी.

तुमच्या जगदेवीचा पत्ता लागला का? तुम्ही शोधलं असेल असं मला वाटतं.

आपला अपराधी
शेषेराव

---

लातूर
६ जून २०२५

शेषेरावभाऊंस नमस्कार.

अपराधी ही सही पुन्हा करू नका. करायचीच तर मलाही करावी लागेल.

ह्यांचा गुडघा बरा आहे, आता दोन जिने चढतात. तुमचं पत्र ह्यांनी स्वतः वाचलं, आणि संध्याकाळी माझ्याशी नेहमीसारखं बोलले. एप्रिलपासून नुसतं जेवायला वाढ, पेपर दे, एवढंच चाललं होतं. बोलले ते असं, "त्या माणसानं भाडं घेतलं हे मोठं केलं. मी वसुलीत होतो, घेणाऱ्याची काय किंमत होते ते मला माहीत आहे."

हो, शोधलं. जगदेवी औसा रोडकडच्या एका वस्तीत मुलाकडं राहते. पत्ता शिंपीकाम करणाऱ्या दुसऱ्या बाईकडून मिळाला. मी एकटीच गेले. जाताना काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. तिनं ओळखलं, आत घेतलं, चटई टाकली, पोलकी कोण शिवतं आता म्हणून विचारलं. मी पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली, तसं तिनं हात वर केला. म्हणाली, "बाई, कोर्टातलं मी विसरले. तुम्ही खिडकी लावली, ती कडी वाजलेली तेवढी ध्यानात आहे."

तिनं चहा केला, मी प्यायले. निघताना 'या' म्हणाली. ते खरंच 'या' होतं की 'जा', मला ठरवता येत नाही. माफ केलं नाही तिनं. माफी मागायला गेले होते हे तिला कळलं, एवढं झालं. आता महिन्यातून एकदा जाणार आहे. तिच्या दाराशी बसायला मला संकोच वाटतो, तो वाटू द्यावा असं ठरवलं आहे.

गुरम्माच्या जमिनीबद्दल. भाऊ, तुम्ही देऊ नका. तिच्या घरी तिचा नळ आला ना? आता थोडं थांबा. माझ्या बाबतीत नऊ वर्षांत एक गोष्ट झाली नाही: मला कोणी उघडपणे दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. तुम्हाला कदाचित ते भाग्य मिळेल. मिळालं तर अंगावर घ्या.

सिंधुवहिनींना माझा खास नमस्कार सांगा. ऋतुजाला पावसाळी चप्पल घेतली का?

सौदामिनी

---

बोरदरा
२२ जून २०२५

सौदामिनीवहिनींस आणि पंतांस शेषेरावचा नमस्कार.

पंत दोन जिने चढतात हे वाचून सिंधुनं साखर घालून चहा केला, आणि मग साखरेचं मीटर लावून रागावली. ऋतुजाला चप्पल घेतली, पहिल्या दिवशी एक हरवली. बालाजीची तब्येत चांगली आहे, पण तो माझ्याशी बोलत नाही. का ते लिहितो.

घरोघर पाणी येतं, दिवसाआड. भुजंगानं पट्टी अजून भरलेली नाही, नळ मात्र जोडून घेतलाय. सरपंचबाई त्याच्या दारात गेल्या तर म्हणाला, मामाच्या काळात फुकट होतं. माझा काळ दोन महिन्यांचा, पण बघा, त्याला काळ म्हणू लागले. गाव एका ठरावानं सुधारत नाही, हे माझ्यासारख्या चौथी शिकलेल्यालाही कळतं.

बुधवारी तलाठ्याचा माणूस नोटीस घेऊन आला. गुरम्मानं लोह्याच्या तहसीलात अर्ज केला आहे. माझ्यावर आणि बालाजीवर, सुनावणी तीन जुलैला. शेतीची हद्द मोडली, दगड उपटला, बाभूळ तोडली, पाच हात जमीन आत घेतली, मोजणी करून मिळावी. सगळं लिहिलंय. बाभळीचं वयसुद्धा, बावीस वर्षं. नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी लावली होती, हे मला माहीत नव्हतं.

बालाजीनं वाचली आणि कागद माझ्यासमोर टाकला. म्हणाला, बघा तुमच्या पाण्याची फेड. मी तो उचलून चष्मा लावून पुन्हा वाचला. वहिनी, मला बरं वाटलं असं लिहिलं तर तुम्हाला वेड लागल्यासारखं वाटेल. पण उन्हात चालून आल्यावर कोणी पाठीवर थंड पाणी ओतावं, तशी थोडी शिरशिरी, थोडं सुख, असं झालं. लगेच लाजही वाटली. मला बरं वाटावं म्हणून तिनं अर्ज केलेला नाही. तिला तिची जमीन पाहिजे. त्यात माझं समाधान घुसडायला मी कोण?

काल ती रस्त्यात भेटली. मी थांबलो, ती थांबली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मामा, तीन तारखेला या. बालाजीलाबी आणा."

मी म्हणालो, येतो.

ती पुढं गेली. पाणी विचारलं नाही, तब्येत विचारली नाही, डोक्यावरचा पदर सावरला नाही. तशीच ताठ गेली.

बालाजीनं नांदेडचा वकील ठरवलाय. वकील म्हणतो, जुनी वहिवाट दाखवू, बाईकडं साक्षीदार नाहीत, तो दगड आधीपासूनच विहिरीच्या कठड्याला होता असं तुमचे वडील सांगतील. वडील म्हणजे मी. घरात आज चार दिवस हेच चाललंय. सून मधे पडते, सिंधु फक्त मी कोट कुठला घालणार ते विचारते. बालाजी काल रडला. म्हणाला, दादा, परक्या बाईसाठी तुम्ही पोराला खोटं ठरवणार का? त्याला ट्रॅक्टरला वाट हवी होती हे खरं आहे, ट्रॅक्टर त्यानं कर्ज काढून घेतला तेही खरं आहे, आणि टाकीवर मी बसलो होतो म्हणून त्याची हिंमत झाली, हे सगळ्यात खरं आहे. दोष निम्मा माझा, हे मला तिथं सांगायचंय. ते कसं सांगतात मला माहीत नाही.

म्हणून पंतांना विचारायचं आहे. त्यांनी कचेऱ्यांत हयात काढली. जबाबात 'अर्जदार बाई म्हणतात ते सगळं खरं आहे' एवढंच लिहून खाली सही केली तर चालतं का? का वर आणखी काही मजकूर लागतो? मुलाविरुद्ध बापाचा जबाब असला तर वेगळा कागद करतात का? आणि बाभळीचं काय लिहावं? बावीस वर्षांचं झाड परत कसं करतात, ह्याचा काही नमुना त्यांच्या पाहण्यात आहे का?

तारीख तीन जुलै. लातूरहून पत्राला पाच दिवस लागतात. आजच बसून लिहा वहिनी, गुडघ्याचं, डोळ्याचं पुढच्या वेळी सांगा. मला फक्त जबाबाचं ते एक वाक्य पाठवा.

आपला
शेषेराव